सांगली ते जुनागढ, मार्गे हॉल

"पटणार नाही तुम्हाला, आजवर कुणालाच पटलेलं नाही," मी हेरवाडकर सरांना म्हटलं, "पण ह्या हॉलमधून मी सांगली ते जुनागढ चालत गेलेला माणूस आहे. उंबऱ्याबाहेर पाऊल न टाकता. आणि जुनागढ चार किलोमीटरवर आलं असताना मला अपघात झाला."

सरांनी वहीवर टेकवलेली पेन्सिल उचलली आणि माझ्याकडं बघितलं.

हेरवाडकर सर म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेले चित्रकलेचे निवृत्त मास्तर. डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितलं होतं आणि रस्त्यावर कुत्री त्यांच्या मागं लागत होती. म्हणून आमची ट्रेडमिल त्यांना देऊन टाकायचं ठरलं. मशीन वर चढवायला माणसं सकाळी यायची होती, पण सर आदल्या संध्याकाळीच वही घेऊन हजर. सुरक्षित कसं वापरायचं, फायदा कशानं होतो, सगळं लिहून घेणार म्हणाले.

"साक्षीदार आहे माझ्याकडं," मी म्हटलं. "बापू, खरं की नाही?"

"खरं," दाराजवळच्या खुर्चीतून बापू म्हणाला.

बापू मगदूम. मी एस.टी.चा ड्रायव्हर, तो माझा कंडक्टर. अठरा वर्षं एका गाडीवर काढली आम्ही. आमच्यात एक नियम होता, पॅसेंजरांच्या देखत कंडक्टरनं ड्रायव्हरला खोटं पाडायचं नाही. मी गाडी चुकीच्या फाट्याला घातली तर बापू उठून शांतपणे सांगायचा, "पुढं रस्ता खणलाय, म्हणून इकडनं चाललोय." निवृत्तीनंतरही त्यानं हा नियम मोडलेला नाही. म्हणून तर मी साक्षीला त्यालाच ठेवतो.

आत शालन, माझी बायको, चहा टाकत होती. आमच्या घरी बापूला चार वर्षं अर्धाच कप चहा मिळतो. का, ते पुढं येईल.

"चार वर्षांमागची गोष्ट," मी सुरू केलं.

माझी साखर वाढली म्हणून पुण्याहून मुलानं हे मशीन पाठवलं. साखरेशी मला काही देणंघेणं नव्हतं. ती माझ्यासारखीच सांगलीतली, राहू दे बापडी, असं माझं मत. पण शालनला गिरनार चढायचा होता. दहा हजार पायऱ्या आणि वर दत्ताच्या पादुका. लग्न झालं तेव्हापासूनचं तिचं हे. दरवर्षी दत्तजयंती जवळ आली की ती विषय काढायची आणि मी ड्यूटी पुढं करायचो. ड्यूटी संपली, मग साखर पुढं करायला लागलो. मशीन आलं त्या दिवशी तिनं मला त्याच्या शेजारी उभं केलं.

"बत्तीस वर्षं सगळ्या जिल्ह्याला गाडीतनं नेलंत," ती म्हणाली. "मला एकदा पायी न्या."

"शालन, दहा हजार पायऱ्या आहेत."

"मला नका सांगू. आता ऐका. सहा महिन्यांनी, दत्तजयंतीच्या आधीच्या रविवारी तुमची परीक्षा. ह्या मशीनवर पंचेचाळीस मिनिटं चालायचं, दांडी न धरता. शेवटची दहा मिनिटं चढावर. पास झालात, तर पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत दोघांनी पायी चढायचं. कुठं टेकायचं नाही, कशात बसायचं नाही."

"आणि नापास झालो तर?"

"तर तुम्ही म्हणाल तसं. रोपवे म्हणा, डोली म्हणा, निमूट बसेन. पण परत तुमच्यापुढं चालायचं नाव काढणार नाही."

शेवटचं वाक्य ती हळू बोलली. आरडाओरडा केला असता तर मी सुटलो असतो. बापूनं त्याच दिवशी मला गॅलरीत नेऊन सांगितलं, "आण्णा, ही गाडी सोडायची न्हाई. वैनी चाळीस वर्षं स्टँडवर हुबी हाय."

"मुद्द्याचं सांगा," हेरवाडकर सर म्हणाले. "मशीन कुठं ठेवायचं?"

पहिली चूक तिथंच झाली, सर. मी मशीन रिव्हर्स लावलं. गाडी डेपोत लावताना पाठ भिंतीला, तोंड बाहेर, म्हणजे सकाळी सरळ काढता येते. मी तशीच ही लावली, मागं टीचभर जागा. दुकानातून जोडणीला आलेला माणूस कपाळाला हात लावून म्हणाला, "काका, मागं दोन मीटर मोकळं सोडा. घसरलात तर पट्टा आणि भिंत यांच्या मधे सापडाल."

"मी बत्तीस वर्षं विनाअपघात गाडी चालवली आहे," मी म्हटलं.

"गाडीत तुम्ही बसलेले असता, काका."

मशीन फिरवलं. तोंड भिंतीला, पाठ मोकळ्या हॉलकडं. मग त्या माणसानं लाल दोरी दाखवली. एक टोक मशीनला, दुसऱ्या टोकाला चिमटा. चिमटा शर्टाला लावायचा. माणूस मागं गेला की दोरी ताणते, किल्ली निघते, मशीन जागच्या जागी बंद.

"हे ठळक लिहा," मी सरांना म्हटलं. "दोरी म्हणजे तुमचा कंडक्टर. गाडीत सगळ्यांत शहाणा तोच."

बापूनं मान हलवली. खरं बोललो तरी तो तितकीच हलवतो.

दुसरी चूक, मी थेट पट्ट्यावर उभा राहिलो आणि सहाचा वेग दिला. गाडी पहिल्या गिअरमध्ये उचलायची हे मला कुणी शिकवायचं? पण ह्या यंत्राला ना गिअर ना क्लच, मला वाटलं ते आपलं आपण बघून घेईल. पट्टा निघाला, मी राहिलो. माझ्या चपला गॅलरीपर्यंत गेल्या. एक चप्पल तर खाली गेली, ती शेवटी मिरजेच्या स्टँडवर एका केळीवाल्याच्या पायात सापडली.

"मिरजेला?" सर म्हणाले.

"डावी," बापू म्हणाला.

त्या दिवसापासून बूट आले आणि पद्धत आली. आधी दोन्ही पाय बाजूच्या पट्ट्यांवर, जिथं काही हलत नाही. मग सगळ्यांत कमी वेग. पट्टा रांगायला लागला की एक पाय, मग दुसरा. पाच मिनिटं नुसतं इंजिन तापवायचं. नजर समोर, पायाकडं नाही. पायाकडं बघितलं की पायांना वाटतं आपलं काहीतरी चुकलं, आणि मग खरंच चुकतं. मागं वळून तर अजिबात बघायचं नाही. आता ड्रायव्हरला मागचं न बघता चैन कशी पडणार? बापूनं भंगारबाजारातून गाडीचा आरसा आणला आणि मशीनच्या दांडीला ठोकून दिला. हा बघा, अजून आहे. ह्यात अख्खा हॉल दिसतो.

सरांनी उठून आरशात वाकून बघितलं. "स्वयंपाकघराचं दारसुद्धा दिसतं."

"सगळं दिसतं," मी म्हटलं. जरा घाईनंच पुढं निघालो.

पण नुसतं भिंतीकडं तोंड करून माणूस किती चालेल, सर? दहा मिनिटांत मला भिंतीवरचा प्रत्येक पोपडा तोंडपाठ झाला. चौथ्या दिवशी मी मशीन बंद केलं आणि सांगून टाकलं, मी नापास. तेव्हा बापू घरी गेला आणि घंटी घेऊन आला. निरोपसमारंभाला डेपोनं त्याला आमच्या मोडीत निघालेल्या गाडीची घंटी दिली होती, पितळेची. खुर्ची टाकून माझ्या मागं बसला आणि खणखणीत आवाजात ओरडला, "सांगली-जुनागढ! सांगली-जुनागढ! इस्लामपूर, कऱ्हाड, सातारा, पुणे, सुरत, बडोदा, राजकोट! चला, आत सरका!" आणि दिली डबल, टण टण.

डबल म्हणजे गाडी सोडा, सिंगल म्हणजे थांबा. हे आमच्या रक्तात. माझे पाय आपोआप चालायला लागले. गाडी सुटली ती सुटलीच.

रोज सकाळी साडेसहाला. अर्ध्या तासात जेवढे किलोमीटर होतील तेवढा रस्ता पुढं. इस्लामपूर आलं की बापू म्हणायचा, "इस्लामपूर! गाडी दहा मिनिटं थांबंल, चहापाणी उरकून घ्या," आणि शालन चहा घेऊन यायची. बिनसाखरेचा. कऱ्हाडला ती म्हणाली, "संगमावर पाय धुवायचे होते," आणि तांब्याभर पाणी आणून माझ्या बुटांवर दोन थेंब टाकले. तिलाही चढली होती ती गाडी.

"एक मिनिट," सर म्हणाले. त्यांनी समासात गुणाकार मांडला होता. "रोज तीन किलोमीटर धरले तर सहा महिन्यांत साडेपाचशे. जुनागढ हजाराच्या वर असणार."

"उरलेले झोपेत झाले."

"म्हणजे?"

"रातराणी," बापू म्हणाला.

तर पहिली सिंगल. बापूनं पहिल्यांदा थांब्याला सिंगल दिली आणि माझा उजवा पाय, बत्तीस वर्षांचा माझा इमानी उजवा पाय, ब्रेकवर गेला. म्हणजे ब्रेक कुठला, चालता पट्टा! त्याला जेवढा दाबला तेवढा तो मागं. पाय गेला इचलकरंजीला, मी सांगलीत. दोरीनं वाचवलं. दोरी ताणली, किल्ली सुटली, मशीन ठप्प, आणि मी हनुवटीनं दांडीला लोंबकळतोय.

"अहो, हे काय?" शालन धावत आली.

"ब्रेक मारला," मी म्हटलं.

"ट्रेडमिलला ब्रेक नसतो, हे लिहू का?" सरांनी विचारलं.

लिहा. चालत्या पट्ट्यावरून उडी मारायची नाही, पाय दाबायचा नाही. वेग हळूहळू कमी करायचा, रांगत्या वेगावर आला की दांडी धरून पाय बाजूच्या पट्ट्यांवर, मग बंद. बापूनं माझ्याकडून हे घोटून घेतलं. सिंगल वाजली की हात बटणाकडं, पाय नाही. दिवाळीपर्यंत माझी ब्रेकची सवय पार मोडली. सणाला गावी जाताना मुलाच्या गाडीत पुढं बसलो होतो, तर सिग्नलला माझा हात डॅशबोर्डवर बटण शोधायला लागला.

वेग किती ठेवायचा म्हणाल, तर त्याचीही युक्ती बापूचीच. मधेच येऊन तो पंच वाजवायचा, "तिकीट! कुठनं बसलासा?" मी सबंध वाक्यात उत्तर दिलं, की 'कऱ्हाडहून बसलो, सुरतेला उतरणार आहे, सुट्टे नाहीत,' म्हणजे वेग बरोबर. नुसतं 'सुर... सुर...' झालं की वेग कमी. आणि गाणं म्हणायला लागलो तर बापू वेग वाढवायचा. त्यात व्यायामाचा भाग किती आणि माझ्या आवाजाचा किती, ते त्यालाच ठाऊक.

खंबाटकीत चढ लावला. घाटात जसा खालचा गिअर, तशी लहान पावलं. दांडीला लोंबकळायचं नाही. लोंबकळलं की चढ हातांनी चढतो, पाय नुसते फिरायला आलेले असतात. शालननं हे बघून ठेवलं होतं. पुण्याच्या पुढं माझा हात चुकून दांडीला लागला की ती आतून पळीनं पातेलं वाजवायची. आणि मुक्कामाला आलं की लगेच बंद नाही. डेपोत गाडी आणल्यावर इंजिन जरा तसंच सोडतो ना आम्ही, तशी शेवटची पाच मिनिटं रमतगमत.

साखर उतरली, सर. ढेरी उतरली. बडोद्याला माझा पट्टा दोन भोकं आत आला. फक्त एक गोष्ट मला समजत नव्हती. हॉलमध्ये कसलातरी तेलाचा वास यायचा. उग्र, औषधी. मी म्हटलं, बापू, पट्ट्याला तेल कुठलं घातलंस?

"दुकानदारानं दिलेलंच. त्याला वास न्हाई," बापू पट्ट्याशी नाक लावून म्हणाला. "ह्यो वास मशीनचा न्हवं, आण्णा."

मी काही डोकं चालवलं नाही. जसा शालननं भाजीला स्वतः जायचं सोडून बापूला पिटाळायला सुरुवात केली, तेव्हाही चालवलं नव्हतं. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही. मला वाटलं, बापू रिकामा बसतो म्हणून कामाला लावलाय.

स्वयंपाकघरात गाळणीचा आवाज झाला. मी आवाज थोडा वाढवला.

परीक्षेचा रविवार आला. राजकोट मागं पडलं होतं, जुनागढला चार किलोमीटर राहिले होते. मी नवे मोजे घातले, चिमटा शर्टाला लावला. बापू पाठीमागं त्याच्या खुर्चीत, त्याच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीत शालन. मांडीवर पदर घेऊन, लाइन-चेकिंगचा साहेब बसावा तशी. "चला," तिनंच म्हटलं आणि मी निघालो.

पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. हात मोकळे, छाती पुढं, श्वास असा की तिकीट विचारा, नाहीतर माझ्या सात पिढ्या विचारा. तिसाव्या मिनिटाला बापू म्हणाला, "गिरनार दिसाय लागला, वैनी." आणि आरशात मी शालनचं तोंड बघितलं. सर, लग्नातसुद्धा ती एवढी खूश दिसली नव्हती. लग्नातल्याची कारणं वेगळी असतील. पस्तिसाव्याला चढ लावला. मी चढतोय, चढतोय. चाळीस झाली. पाच मिनिटं राहिली. माझा पास हातात आला होता, सर. रेटून चाललो असतो तर आणखी अर्धा तास चाललो असतो.

"मग?" सरांची पेन्सिल थांबली होती.

"मग शालन किती मिनिटं झाली ते बघायला उठली," मी म्हणालो आणि तिथं मला पाणी प्यावं लागलं.

"बरं, आणि?"

"आणि काय? बसली परत. तेवढ्यात बापूनं सिंगल दिली."

"मधेच?"

"मधेच. डुलकी लागली असेल, हात पडला असेल घंटीवर. टण! झालं. बत्तीस वर्षांचा पाय, दाबला ब्रेक. मी जो मागं उडालो, तो हवेतून जाताना मला खाली शोकेस दिसलं, शोकेसवरचा मुलाचा कॅरमचा कप दिसला, कपाच्या आतली धूळ दिसली. बापूच्या डोक्यावरून गेलो, शालनच्या डोक्यावरून गेलो, गॅलरीत वाळत टाकलेल्या गादीवर आदळलो आणि गादीसकट परत आत आलो. दोरीनं मशीन बंद केलं होतं म्हणून मी आज तुमच्यापुढं आहे. उजवा पाय हा एवढा सुजला. बापू लगेच म्हणाला, 'चुकलं माझं, वैनी, घंटीला हात लागला.' तेव्हापासून बापूला अर्धा कप."

बापूनं छताकडं बघितलं.

"म्हणजे नापास," सर हळहळले. "आणि गिरनार?"

"गेलो की. शब्द म्हणजे शब्द. आधी रोपवे, पुढं दोन डोल्या. तिथं तराजूवर बसवून वजन करतात डोलीवाले. शालन म्हणाली, 'तुम्हाला एकट्याला डोलीत बसायला लाज वाटेल, म्हणून मी बसते सोबतीला. नाहीतर मी चढले असते.' वाटेत सगळीकडं हसत होती. पादुकांपाशी डोळे मिटून इतका वेळ उभी राहिली की मागची माणसं कुरकुरायला लागली. खाली आल्यावर माझ्या पायाचं बँडेज बघितलं आणि एवढंच म्हणाली, 'छान गुंडाळलंय.'"

सर वहीची पानं मागं उलटत होते. चित्रकलेचा माणूस, पण गणिताच्या मास्तरासारखा चष्मा नाकावर घेतला.

"एक शंका आहे, खराडे. ब्रेकची सवय दिवाळीपर्यंत पार मोडली, असं तुम्हीच सांगितलंय. हे बघा, लिहिलंय मी. सिंगल वाजली की हात बटणाकडं. मग त्या दिवशी पाय कसा दाबला?"

"जुनी सवय, सर. उसळी मारते."

"आणि वहिनी किती मिनिटं झाली ते बघायला उठल्या, तिथं तुम्ही थांबलात. तेव्हा आरशात काय दिसलं?"

"काय दिसणार? शालन दिसली."

दिसलं होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. तिनं आधी आजूबाजूला बघितलं, कुणाचं लक्ष नाही ना. मग खुर्चीच्या हातावर दोन्ही तळवे रोवले. एका झटक्यात उठता येईना. ओठ दाताखाली धरून ती टप्प्याटप्प्यानं उठली, डाव्या गुडघ्यावर हात दाबून दोन पावलं पुढं आली आणि माझ्या शेजारून मशीनच्या आकड्यांवर वाकली, तेव्हा तो तेलाचा वास आला. मशीनचा नव्हता. वाकलेल्या तोंडानं ती हसून म्हणाली, "पाचच मिनिटं राहिली हो." माझी पाच मिनिटं राहिली होती आणि तिच्या दहा हजार पायऱ्या. मी पास झालो असतो तर ती चढली असती. मोडून पडली असती, पण डोलीत बसली नसती. ती परत जाऊन बसेपर्यंत मी चालत राहिलो, चिमटा एकदा चाचपला, आणि...

"तर घंटीमुळं झालं सगळं," मी सरांना म्हटलं. "लिहून घ्या. पाठीमागं घंटी घेऊन कुणाला बसवायचं नाही."

"पण निघताना तर वहिनींनी तोंडानं 'चला' म्हटलं," सर काही सोडेनात. "डबल दिल्याचं काही तुम्ही सांगितलं नाहीत. मग घंटी होती कुणाकडं?"

"बापूकडं. बापूकडंच असते. बापू, खरं की नाही?"

बापूनं तोंड उघडलं. अठरा वर्षांच्या नोकरीत आणि त्यानंतरच्या सगळ्या साक्षींत पहिल्यांदा त्याला शब्द सापडेना.

"घंटी माझ्याकडं होती," शालन म्हणाली.

ती ट्रे घेऊन दारात उभी होती. किती वेळ, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. आरसा तिथंच होता, पण मी गोष्ट सांगताना त्याच्याकडं पाठ करून बसलो होतो.

"परीक्षेत इशारे द्याल दोघं, म्हणून सकाळीच भावजींच्या हातातून काढून घेतली होती," ती सरांना म्हणाली, माझ्याकडं न बघता. "पदरात गुंडाळून मांडीवर धरून बसले होते मी. ती वाजली नाही, सर, तरी ह्यांनी घंटीचं नाव काढलं आणि भावजींनी दोष आपल्यावर घेतला. आणि हे उडाले-बिडाले काही नाहीत. आधी चिमटा चाचपला, मग मागं जागा आहे का ते आरशात बघितलं, मग सतरंजीवर हळूच बसले आणि 'आई गं' म्हणाले. सांगलीत उजवा पाय सुजला होता. जुनागढला बँडेज डाव्याला होतं."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली. बापू चपलेच्या अंगठ्याकडं बघत होता.

शालननं ट्रे टेबलावर ठेवला. तीन कप भरलेले, एक अर्धा. बापूच्या पुढं तिनं भरलेला कप सरकवला आणि अर्धा उचलून माझ्या हातात दिला.

"माझ्या गुडघ्यासाठी पडलात, ते पडलात. पण चार वर्षं भावजींना अर्ध्या कपावर ठेवलं मी, की आज लाज वाटेल, उद्या वाटेल आणि खरं सांगाल. घ्या. आता चार वर्षं हा तुमचा."